आसव आणि अरिष्ट: बाटलीतला मद्यार्क येतो कुठून आणि तो काय करतो

अनेक मराठी घरांतल्या औषधांच्या फडताळात तपकिरी रंगाची एखादी बाटली हमखास असते. पाळी फार जात असेल तर अशोकारिष्ट, बाळंतिणीसाठी दशमूलारिष्ट, भूक मंदावली की कुमारी आसव, पोट साफ होत नसेल तर अभयारिष्ट आणि आव पडत असेल तर कुटजारिष्ट, अशी त्यांची वाटणीही घरातल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असते. या सगळ्या बाटल्यांच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असते, ती मात्र फारशी कुणी वाचत नाही: स्वयंजनित मद्यार्क, साधारणपणे ५ ते १० टक्के. ज्यांच्या ती ओळ लक्षात येते ते एकतर दचकतात किंवा ‘आयुर्वेदिक दारू’ म्हणून थट्टा करतात. ती ओळ नीट समजली, तर हे औषध कसे तयार होते, ते कोणाला चालते आणि कोणाला चालत नाही, हे बहुतेक सारे समजते.

‘टिंक्चर’ म्हटले की आपल्याला खरचटल्यावर लावायचे झोंबणारे टिंक्चर आयोडीन आठवते. पण औषधनिर्मितीच्या भाषेत टिंक्चर म्हणजे मद्यार्कात उतरवलेला औषधाचा अर्क. पाश्चात्त्य पद्धतीत आधीच ऊर्ध्वपातन करून काढलेला तीव्र मद्यार्क घेतात, त्यात वनस्पतीची साल किंवा मूळ भिजत घालतात आणि काही दिवसांनी गाळून घेतात. होमिओपॅथीच्या दुकानात मिळणारे ‘मदर टिंक्चर’ही याच जातीचे. आसव आणि अरिष्ट यांचा हेतू तोच, म्हणजे वनस्पतीतले गुण मद्यार्कात उतरवणे हा असला, तरी वाट उलटी आहे. येथे मद्यार्क बाहेरून ओतत नाहीत; तो औषधाच्या भांड्यातच, औषधाच्या सान्निध्यात तयार होतो. ‘स्वयंजनित’ या शब्दाचा अर्थ एवढाच.

आसव आणि अरिष्ट यांतला भेद आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर याने एका ओळीत सांगून ठेवला आहे: न शिजवलेले औषध आणि पाणी यांपासून सिद्ध होते ते आसव, आणि काढा करून सिद्ध होते ते अरिष्ट. कोरफडीसारख्या रसाळ वनस्पतीचा नुसता रस काढून भागते, म्हणून कुमारी आसव. अशोकाची साल किंवा दशमुळे कठीण, त्यांतले काही पाण्यात उतरवायचे तर ती उकळून आटवावी लागतात, म्हणून अशोकारिष्ट आणि दशमूलारिष्ट. प्रत्यक्षात नावांची ही शिस्त सर्वत्र पाळलेली दिसत नाही. आसवांची मूळ कल्पना जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आसवांच्या नऊ योनी सांगितल्या आहेत, म्हणजे धान्य, फळ, मूळ, सार, फूल, कांड, पान, साल आणि साखर, आणि त्यांपासून होणारी ८४ आसवे मोजली आहेत.

आता भांड्याच्या आत काय घडते ते पाहू. काढा निवला की त्यात गूळ विरघळवतात, काही पाठांत, म्हणजे ग्रंथांतल्या कृतींत, मधही घालतात, आणि मग सुंठ, जिरे, नागरमोथा, वेलदोडा अशा सुगंधी किंवा पाचक द्रव्यांची भरड टाकतात. तिला प्रक्षेप म्हणतात. पाठात मापे दिलेली नसतील तेव्हा काय करावे यासाठी शार्ङ्गधराने सर्वसाधारण प्रमाण दिले आहे: एक द्रोण (हे जुने माप) द्रवाला एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि गुळाच्या दहाव्या हिश्शाने प्रक्षेप. तुळा म्हणजे १०० पळे, आणि आजच्या मापाने पळ सुमारे ४८ ग्रॅम धरतात, तेव्हा एक तुळा गूळ म्हणजे जवळजवळ पाच किलो. गोडाचे हे प्रमाण भरघोस आहे. अशोकारिष्टाच्या पाठात तर एक तुळा सालीला दोन तुळे गूळ आहे. हा गूळ केवळ कडू-तुरट चव झाकण्यासाठी नसतो, तो किण्वाचे, म्हणजे यीस्टचे खाद्य असतो.

ते किण्व येते कुठून, हा या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत रंजक भाग. पाव फुगवताना आपण यीस्ट विकत आणतो. आसव-अरिष्टांत त्या जागी धायटीची फुले घालतात. धायटी हे सह्याद्रीच्या उतारांवर, डोंगरकडांवर आणि उजाड माळांवर भरपूर वाढणारे झुडूप. हिवाळा सरता सरता त्याच्या फांद्यांना शेंदरी-लाल, नळीसारख्या लहान फुलांचे गुच्छ लगडतात आणि मधाच्या ओढीने पक्षी नि मधमाश्या तिथे गर्दी करतात. जिथे मध असतो तिथे साखरेवर जगणारी सूक्ष्म किण्वेही असतात, आणि ती सुकलेल्या फुलांबरोबर भांड्यात येतात. धायटीच्या फुलांतून मिळवलेल्या किण्वांत, बेकरीत आणि मद्यनिर्मितीत वापरतात तेच नेहमीचे यीस्ट सापडले आहे. शिवाय या फुलांत टॅनिनचा तुरटपणा भरपूर असतो, आणि तो नको असलेल्या काही जिवाणूंना आवर घालतो. सूक्ष्मजीव हा शब्दही माहीत नसलेल्या काळात वैद्यांनी केवळ अनुभवावरून हे नेमके फूल हेरले, याचे मला आजही अप्रूप वाटते. आजचे अनेक उत्पादक खात्रीसाठी प्रयोगशाळेत वाढवलेले यीस्ट वापरतात किंवा आधीच्या यशस्वी घाण्यातले विरजण घालतात.

किण्व प्रथम गुळातल्या साखरेचे दोन लहान शर्करांमध्ये विभाजन करते आणि मग त्यांचे मद्यार्क व कर्बवायू असे रूपांतर करते. या क्रियेला संधान म्हणतात. हवेतला प्राणवायू भांड्यात खेळता राहिला, तर मद्यार्काचे पुढे आम्लात रूपांतर करणारे जिवाणू बळावतात आणि औषधाचा शिरका होतो. ग्रंथांत अशा आंबट पडलेल्या द्रवाला शुक्त म्हटले आहे. म्हणून भांडे आतून तुपाने माखणे, त्याला धुरी देणे, तोंडावर झाकण ठेवून कापडमातीने ते लिंपणे असे सोपस्कार सांगितले आहेत. भरलेले भांडे धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पुरून ठेवण्यामागेही कारण आहे: दिवसा तापणाऱ्या आणि रात्री निवणाऱ्या खोलीपेक्षा तिथली ऊब स्थिर राहते, आणि किण्वाला अशी स्थिर ऊबच मानवते. ऋतूप्रमाणे यासाठी कमी-अधिक दिवस लागतात. साधारणपणे महिना धरतात.

संधान चालू आहे की संपले हे ओळखण्याच्या परीक्षा इतक्या साध्या आहेत की शाळेच्या प्रयोगशाळेतही करून पाहाव्यात. भांड्याला कान लावला तर संधान चालू असताना सळसळ ऐकू येते. तोंडाशी पेटती काडी धरली तर कर्बवायूमुळे ती विझते; संधान संपल्यावर काडी जळत राहते. तो वायू चुन्याच्या निवळीतून जाऊ दिला तर निवळी दुधाळ होते. आरंभी वर तरंगणारी भरड शेवटी तळाशी बसते, आणि द्रवाचा गोडवा उतरून त्याला मद्याचा वास येऊ लागतो. मग तो गाळून पुन्हा काही काळ मुरवत ठेवतात.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा रोज ताजा काढा का करू नये? याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे टिकाऊपणा. साधा काढा दुसऱ्या दिवशी आंबतो. अरिष्टात मद्यार्क आणि आम्लता दोन्ही असल्यामुळे ते वर्षानुवर्षे टिकते. शार्ङ्गधराने तर आसवे जुनी झाल्याने अधिक गुणकारी होतात असे म्हटले आहे, आणि आजच्या भारतीय नियमांतही चूर्णाला दोनच वर्षांची मुदत असताना आसव-अरिष्टांना १० वर्षांची मुदत आहे. दुसरे कारण रसायनशास्त्राचे. वनस्पतीतली काही द्रव्ये पाण्यात विरघळतात, काही तेलात, तर काहींना पाणी आणि मद्यार्क यांचे मिश्रण लागते. संधान चालू असताना मद्यार्काचे प्रमाण हळूहळू वाढत जाते, त्यामुळे प्रक्षेपातली सुगंधी द्रव्ये, जी नुसत्या उकळण्याने वाफेबरोबर उडून गेली असती, ती थंडपणे द्रवात उतरतात. किण्वाच्या क्रियेने काही मूळ द्रव्यांची घडणही बदलते. म्हणजे अरिष्ट म्हणजे टिकाऊ केलेला काढा एवढेच नव्हे, त्यातली काही द्रव्ये मूळ काढ्याहून निराळी असतात.

अशोकारिष्टाविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण स्त्रियांच्या तक्रारींसाठी सर्वांत जास्त खपणारे हेच औषध आहे आणि घोटाळाही सर्वांत मोठा येथेच आहे. पाठात अशोकाची साल मुख्य आहे. तिच्याबरोबर जिरे, नागरमोथा, सुंठ, दारुहळद, त्रिफळा, आंब्याची कोय, अडुळसा, चंदन अशी द्रव्ये प्रक्षेपात येतात. ग्रंथात ते मुख्यतः असृग्दर म्हणजे मासिक पाळीत अतिरक्तस्राव होण्यावर सांगितले आहे. सालीत टॅनिन आणि तत्सम तुरट द्रव्ये असतात, आणि तिच्या अर्काचा गर्भाशयाच्या स्नायूंवर परिणाम होतो का यावर प्रयोगशाळांत काम झाले आहे. मात्र प्राण्यांवर किंवा परीक्षानळीत दिसलेला परिणाम आणि हजारो स्त्रियांवर काटेकोर तुलना करून सिद्ध झालेला परिणाम या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या प्रकारचा पुरावा येथे तोकडा आहे. परंपरेचा अनुभव मी टाकाऊ मानत नाही, पण त्याला पुराव्याचे बिरुद चिकटवणेही मला पटत नाही.

घोटाळा आहे तो झाडाचा. शहरांतल्या सोसायट्यांच्या कुंपणालगत खांबासारखे सरळ उंच उभे असलेले, लांब, नागमोडी कडांच्या लोंबत्या पानांचे जे झाड आपण ‘अशोक’ म्हणून ओळखतो, ते औषधातले अशोक नव्हे. तो आसूपालव, म्हणजे खोटा अशोक. तो सीताफळाच्या कुळातला आहे. औषधातला अशोक म्हणजे सीताअशोक. तो आपट्याच्या, चिंचेच्या गोतावळ्यातला, मध्यम उंचीचा, गर्द सावलीचा वृक्ष. त्याचे पान संयुक्त असते, एका देठावर पर्णिकांच्या चार-सहा जोड्या. कोवळी पालवी तांबूस रंगाची आणि मरगळल्यासारखी लोंबणारी. आणि फुले नारिंगी रंगाची, पुढे लाल होत जाणारी, जून फांद्यांवर आणि खोडावरही गुच्छांनी येणारी. खोट्या अशोकाची फुले फिकट हिरवी आणि चांदणीच्या आकाराची असतात, ती सहसा लक्षातही येत नाहीत. सीताअशोकाचे जंगलातले प्रमाण इतके घटले आहे की जागतिक पातळीवर त्याची नोंद संकटात सापडू शकणाऱ्या जातींत झाली आहे. मागणी प्रचंड, झाडे थोडी, आणि साल काढायची तर बहुतेक वेळा झाडच जायचे. अशा वेळी बाजारात अशोकसाल म्हणून दुसऱ्याच झाडांच्या साली येणे अटळच होते, आणि खोट्या अशोकाची साल त्यांत हटकून सापडते. एकदा काढा आटला, गूळ पडला, महिनाभर संधान झाले की मग साल कोणाची होती हे जिभेला किंवा डोळ्यांना कळण्याचा मार्ग उरत नाही. त्यामुळे या औषधाने गुण आला की नाही यावर वाद घालण्याआधी बाटलीत अशोक होता का, हा प्रश्न विचारणे जास्त सयुक्तिक आहे.

पाळीतला अतिरक्तस्राव हा स्वतः आजार नसून लक्षण आहे, हेही येथेच सांगायला हवे. गर्भाशयातल्या गाठी, अंतःस्तराची अनियमित वाढ, थायरॉइडचा बिघाड, रक्त गोठण्यातला दोष, गर्भपात, क्वचित कर्करोग अशी अनेक कारणे त्यामागे असतात. पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, गरोदरपणात रक्तस्राव झाला, किंवा तासातासाला पॅड बदलावे लागले, तर अरिष्टाची बाटली उघडण्याची ती वेळ नाही. सोनोग्राफी, हिमोग्लोबिन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ हाच क्रम बरोबर. सौम्य औषधाने धोका होतो तो बहुधा त्याच्या दुष्परिणामाने नव्हे, तर त्याच्या भरवशावर घालवलेल्या महिन्यांनी.

दशमूलारिष्टाचे स्थान निराळे. बेल, टेंटू, शिवण, पाडळ आणि अग्निमंथ ही पाच मोठ्या झाडांची मुळे, आणि सालवण, पिठवण, डोरली, भुईरिंगणी व गोखरू ही पाच लहान वनस्पतींची मुळे मिळून दशमुळे होतात. या दहा मुळांखेरीज या अरिष्टात इतकी द्रव्ये पडतात की त्याची यादी वाचताना दम लागतो. महाराष्ट्रात बाळंतपणानंतर शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, खसखशीची खीर यांच्या जोडीला बाळंतकाढा किंवा दशमूलारिष्ट देण्याची चाल आहे. अंगावर पाजणाऱ्या आईच्या बाबतीत मद्यार्काचा प्रश्न येतो, तेव्हा हिशेबच मांडलेला बरा. ८ टक्के मद्यार्काचे अरिष्ट २० मिलिलिटर घेतले तर त्यात १.६ मिलिलिटर, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास मद्यार्क जातो; दिवसातून दोनदा घेतले तर अडीच ग्रॅम. ५ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बिअरच्या बाटलीत तो सुमारे २५ ग्रॅम असतो. म्हणजे ही मात्रा लहान आहे, पण शून्य नाही. पाजून झाल्यावर लगेच घेतली आणि डॉक्टरांना तसे सांगितले तर गोंधळ टळतो. गरोदरपणात मात्र मद्यार्काची सुरक्षित म्हणता येईल अशी मात्रा कोणतीच नाही, म्हणून तेथे अरिष्टे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

कुमारी आसवाच्या बाबतीत गरोदरपणाची सावधगिरी दुप्पट लागू होते. कोरफडीच्या पानाच्या सालीलगत पिवळा, कडू चीक असतो. त्यातली द्रव्ये आतड्याला चालना देऊन जुलाब करतात आणि गर्भिणीला ती वर्ज्य मानली जातात. शार्ङ्गधराच्या पाठात या आसवात लोहही आहे. भूक नसणे, यकृताच्या तक्रारी, अनियमित पाळी अशा परस्परांशी न जुळणाऱ्या गोष्टींवर हे एकच औषध का सांगितले जाते, याचे उत्तर कडूपणाची पाचकता, कोरफडीची सारकता आणि लोह या तिहेरी जुळणीत आहे.

पोटाच्या औषधांत अभयारिष्ट समजायला सोपे. अभया म्हणजे हिरडा. त्याच्या जोडीला मनुका, वावडिंग आणि मोहाची फुले. हिरडा सौम्य सारक, मनुका त्याला साथ देणारी, म्हणून मूळव्याध आणि बद्धकोष्ठ यांवर त्याचा वापर. आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात बाळहिरडा गोळा करणे हे अनेक कुटुंबांचे मुख्य उत्पन्न आहे, ही बाटली घेताना सहसा कुणाच्या मनात न येणारी गोष्ट. शौचातून रक्त जात असेल तर ते मूळव्याधीचेच आहे असे गृहीत धरून महिनोन्‌महिने अभयारिष्ट घेणे धोक्याचे आहे. चाळिशीनंतर तर तपासणी आधी.

कुटजारिष्टातला कुटज म्हणजे पांढरा कुडा. आव आणि अतिसार यांवर त्याची साल कोकणात आजही उगाळून किंवा काढा करून देतात. तिच्यातल्या कोनेसिन या अल्कलॉइडचा आमांश करणाऱ्या अमीबावर परिणाम होतो, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘कुर्ची’ या नावाने तिची औषधे ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनीही आमांशावर दिली होती. येथेही जोडीला तोतया आहेच: काळा कुडा. पांढऱ्याच्या बिया कडू, त्यांना कडू इंद्रजव म्हणतात. काळ्याच्या बिया गोड इंद्रजव. सालीत ही ओळख इतकी सोपी राहत नाही. जुलाबांत खरा धोका शरीरातले पाणी आणि क्षार जाण्याचा असतो, तेव्हा विशेषतः लहान मुलाला आधी जलसंजीवनी पाजायची, अरिष्टाचा विचार नंतर.

मद्यार्कामुळे हे औषध कुणी टाळावे, याची उत्तरे आता सहज सुचतील. ज्यांचे यकृत बिघडले आहे त्यांनी. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेत असलेल्यांनी, कारण त्या गोळीबरोबर थोडासा मद्यार्कही चेहरा लाल होणे, धडधड आणि उलट्या असा त्रास करतो. आणि व्यसन सुटून काही काळ झालेल्यांनीही, कारण त्यांना मद्याची नुसती चवही पुरते. आमांशावर मेट्रोनिडाझोल चालू असताना बरोबरीने कुटजारिष्ट घेणारे रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत. त्या गोळीच्या माहितीपत्रकातच मद्यार्क टाळा असे लिहिलेले असते. मधुमेही व्यक्तीला मद्यार्कापेक्षा संधानात न संपलेला गूळ अधिक नडतो. धर्मनियमाने मद्य वर्ज्य असणाऱ्यांना हीच वनस्पती चूर्ण, वटी किंवा काढा या रूपांत मिळू शकते.

या औषधांचा आणि दारूबंदीचा झगडाही मुंबई राज्यात रंगला होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्यार्कयुक्त औषधेही आपल्या कक्षेत ओढली, तेव्हा १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने बाल्सारा खटल्यात औषधी व प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त वस्तू बाळगण्यावरची बंदी रद्द ठरवली. पिऊन नशा करायला सोयीची वस्तू आणि मात्रेत घ्यायचे औषध यांत कायद्याने फरक केला पाहिजे, हे त्यातून पुढे आले.

मात्रेचा विषय निघालाच आहे, तर शार्ङ्गधराने आसव-अरिष्टाची मात्रा एक पळ, म्हणजे ५० मिलिलिटरच्या आसपास सांगितली आहे. आज वैद्य साधारण १५ ते ३० मिलिलिटर, तेवढेच पाणी घालून, जेवणानंतर घ्यायला सांगतात. आपल्या घरात मात्र ‘दोन-दोन चमचे’ असे तोंडी माप चालते, आणि चमचा चहाचा असेल तर ते १० मिलिलिटर होते, मोठा असेल तर ३०. बाटलीच्या झाकणावर किंवा सोबतच्या मापावर खुणा असतात, त्या पाहून ओतावे. तळाशी साका दिसला तर ते सहसा बिघडल्याचे लक्षण नसते, टॅनिन आणि वनस्पतीचे सूक्ष्म कण कालांतराने खाली बसतात. पण बूच उघडताच फेस उसळला किंवा शिरक्यासारखा झणझणीत वास आला, तर संधान अर्धवट राहिले होते किंवा ते पुढे शुक्ताकडे गेले आहे असे समजून ती बाटली दुकानदाराला परत करावी.